चौथी बाजू पाण्याची

आमच्याकडे लोक पाणी पाहायला यायचे. हसू नका. समुद्र नव्हे, धबधबा नव्हे, साधा झरा. पण चांद्याचा वैशाख ज्याने सोसलाय त्यालाच कळेल, की माणूस अख्खा दिवस मोटारीत भाजत, धूळ खात तिथवर कशाला येतो. कातळाच्या पोटातून मनगटाएवढी धार, खाली कमरेइतक्या पाण्याचा डोह, आणि भोवती उंबर, जांभूळ, अर्जुन असे दाटलेले की भर दुपारी खांद्यावर पदर ओढून घ्यावासा वाटे. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती तेव्हा मी लग्न होऊन अहेरीकडच्या त्या जंगलात, झऱ्याजवळच्या सरकारी बंगल्यावर आले. नवरा तिथला चौकीदार, खानसामा, भिस्ती, सगळं काही.

नागपूरचे एक वकील दर उन्हाळ्यात बायकापोरांसकट आठ दिवस मुक्कामाला यायचे. वकिलीणबाई डोहात पाय सोडून बसायच्या आणि म्हणायच्या, "किती भाग्यवान गं तू, रोज इथे राहतेस!" मला असा राग यायचा! मागे बसून त्यांची भांडी मीच घासत असायचे ना. पण खरं सांगते, आतून बरंही वाटायचं. आपल्या झऱ्याचं नाव नागपुरात निघतं म्हणून मी उगीच फुगून जायचे.

मग एका दिवाळीनंतर ठेकेदाराची माणसं आली. झऱ्याच्या वरची टेकडी त्यांनी होळीपर्यंत भुंडी करून टाकली. साग गेला, येन गेला. लाकूड गाड्यांवर चढलं आणि फांद्या, शेंडे, साली तिथेच वाळत पडल्या. झऱ्याभोवतीची झाडं तेवढी वाचली, कारण ती देवाची होती. बंगल्याखालच्या गोंडांच्या पाड्यातला भुमक, म्हणजे त्यांचा पुजारी, कुऱ्हाडवाल्यांपुढे जाऊन बसला, तेव्हा मुकादमाने ती सोडली. आम्हाला वाटलं, जिंकलो. कसलं जिंकलो, डोंबल! घराचं छप्पर काढून नेलं आणि आम्ही उंबरठा राखत बसलो.

फाल्गुन सरता सरता धार करंगळीएवढी झाली. डोह गुडघ्यावर आला. नवऱ्याने हायच खाल्ली. "वकीलसाहेब येतीन, पाहतीन, अन् नागपुरात सांगतीन का तिथी आता काई नाई राह्यलं. मंग कोन येईन? बंगला बंद झाला तं आपन कुठी जाचं?" त्याचं खोटं नव्हतं. आम्हाला ना शेत, ना दुसरं घर. दोघांनी मिळून डोहाच्या तोंडाशी दगडमातीची पाळ घातली. चिखलाची घमेली मी वाहिली, वर पाचोळा पसरून पाळ झाकलीही मीच. आठवड्यात डोह भरला, पहिल्यासारखा देखणा दिसू लागला. खालचा नाला मात्र ठणठणीत कोरडा. पाड्यातल्या बाया पाणी डोहावरच भरत, त्यांना नाल्याकडे जायचं कारण नव्हतं. कोणापाशी बोलायचं नाही, असं नवऱ्याने बजावलं होतं.

पाड्यातली एक म्हातारी माझी मैत्रीण होती. वयाने ती माझ्या आईचीही आई शोभली असती, पण मैत्रीणच म्हणते. माहेर सोडून आलेल्या मला तिने जंगलात राहायला शिकवलं. नाल्याकाठचा मोठा मोह आम्ही दोघी वेचायचो, फुलं अर्धी-अर्धी. चैत्रात मोहफुलं पहाटे गळतात, पाचोळ्यात पडली की सापडत नाहीत. म्हणून आधीच झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ करायची. त्याचीही रीत होती. तीन बाजूंनी खराट्याने दोन-दोन हात पट्टा झाडून काढायचा, म्हणजे आग बाहेर जात नाही. चौथी बाजू नाल्याची, ती कोणी झाडत नसे. "चवथी बाजू पान्याची," म्हातारी म्हणायची. आग तिकडे सरकायची, ओल्या काठावर फुसफुसायची आणि मरायची. तिच्या आजीच्या आधीपासून हेच चाललेलं.

त्या वर्षी महिनाभर ती तापाने पडून होती. उठल्यावर पहिलं काम मोहाचं. सकाळी आम्ही तीन बाजू झाडल्या. ती धापा टाकत खाली बसली आणि नाल्याकडे हात करून म्हणाली, "तिकडं पानी हाये ना वो, बाई?"

एवढाच प्रश्न. नाही म्हटलं असतं तर खराटा उचलून चौथी बाजू झाडायला काय वेळ लागला असता? पण नाही म्हटलं की का नाही ते सांगावं लागलं असतं. मग पाळ आली, झरा आला, पाड्यात बोभाटा, आणि चार दिवसांवर वकील. माझ्या तोंडून निघून गेलं, "हाये ना."

तिने आग लावली.

नाल्यात ओल नव्हतीच, पाचोळा होता. आग त्यातून सरसरत पलीकडे चढली आणि तोडीच्या वाळक्या फांद्यांना भिडली. मग काय विचारता! सगळा पाडा हिरव्या फांद्या घेऊन धावला. टेकडीला वळसा घालून आग वरून झऱ्याच्या झाडांवर उतरायला लागली तेव्हा नवऱ्याने घाबरून पाळ फोडली. त्याचा काय उपयोग? आग वर आणि पाणी खाली. इतके दिवस दडवलेला डोह म्हातारीच्या पायाशी नाल्यातून वाहून गेला. ती ते पाणी बघत उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

उंबर आतून पोकळ होता, तो तीन दिवस धुमसला. जांभळी उभ्या जळाल्या. डोहात राख साचली, धारेचे थेंब झाले, मग नुसता ओला दगड.

वकील ठरल्या दिवशी आले. वकिलीणबाई मोटारीतून उतरल्यासुद्धा नाहीत, नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "अगं बाई! हे कोणी केलं?"

"हे जंगली लोक, दुसरं कोण," वकील म्हणाले. मी चहाचा ट्रे धरून शेजारी उभी होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तरी मी ट्रे पुढे केला. चहा पिऊन ते परत फिरले. पुढच्या वर्षी चिखलदऱ्याला जाऊ, असं मुलांना सांगत होते. त्यांना काय, एक जागा गेली तर दुसरी.

पाड्याला दुसरी कुठली? पंचायत बसली. आग कोणी लावली, असं विचारल्यावर म्हातारी म्हणाली, मी. पाण्याबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. देवाची झाडं जाळली म्हणून पंगतीत तिला बसू देईनात. वैशाखात पाडा उठला. जिथे पाणी मिळेल तिथे जायचं, एवढंच ठरलेलं. बंगल्यालाही पुढे कुलूप लागलं, आम्ही आरमोरीला दुसऱ्याच्या शेतात राबायला गेलो, पण त्याचं मला काही वाटलं नाही. आमचं झालं ते बरंच झालं.

पाडा निघाला त्या सकाळी म्हातारी सगळ्यांच्या मागे राहून बंगल्यावर आली. दुसऱ्या कुठल्या झाडाची मोहफुलं वाळवून आणली होती, टोपलीभर. "अर्धे तुहे," म्हणाली.

मला राहवलं नाही. तिचे पाय धरले, म्हटलं, "माय, नाल्यात पाणी नव्हतं. मले ठाऊक होतं."

"मले बी होतं ना वो," ती म्हणाली. "काठावर पाय टेकला तवाच भुई तापली लागली. पन तू हाये म्हनली. मले वाटलं, मी तं तापानं पडून होती, मलेच समजून नाई राह्यलं. पोरगी रोज जाते तिकडं, ते कायले खोटं बोलंन?"