कवळा वाढला

आमच्या सासूबाई 'तांदूळ संपले' असं कधी म्हणत नसत. 'तांदूळ वाढले' म्हणायच्या, आणि तेही तळाशी मूठभर शिल्लक ठेवून, कारण डबा खरवडायचा नाही. लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा मला याची भारी गंमत वाटायची. "आई, संपले तर संपले म्हणा की," मी चिडवायचे. त्या नुसत्या हसायच्या.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रविवारी डोंगर हिंडणाऱ्या एका ग्रुपमध्ये मी जायला लागले होते. शीळफाट्याजवळ एक गवताळ उतार होता, गणपतीच्या दिवसांत तो कवळ्याच्या फुलांनी पिवळाधमक व्हायचा. कवळा म्हणजे गवतात वाढणारं वीतभर रोप. दरवर्षी वाळून जातं आणि खाली पडलेल्या बियांतून पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येतं. तिथे दगडखाण येणार असं कानावर आलं. मग ठरलं की दिवाळीनंतर त्याचं बी गोळा करायचं आणि पुढच्या जूनमध्ये मोहन्याकडच्या एका उजाड टेकडीवर पेरायचं.

बी काढताना आमच्यातले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "थोडं इथेही राहू दे."

"कोणासाठी ठेवायचं, सुरुंगासाठी?" मी फाडकन बोलले. सगळे हसले. मला तेव्हा असं बोलायची हौसच होती. मग आम्ही शेंग न् शेंग ओरबाडली, आणि पुढच्या रविवारी जाऊन उरलंसुरलंही आणलं.

आमच्या गॅलरीत ऊन चांगलं यायचं, म्हणून सगळं बी आमच्याकडे ठेवलं. तेवढ्यात बहीण बाळंत झाली आणि मी वर्तकनगरला माहेरी गेले. परत आले तर सासूबाईंनी मोठ्या कौतुकाने डबा पुढे केला. "किडे होतील म्हणून मंद आचेवर जरा भाजून ठेवलंय हो. रव्यासारखं."

मी त्यांना काय काय बोलले ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. त्या डबा हातात धरून उभ्या होत्या. "अगं, जूनपर्यंत टिकायला नको का?" एवढंच म्हणाल्या.

तरीही आम्ही ते पेरलं. भाजलेलं बी उगवणार काय, कप्पाळ. ग्रुपमध्ये मात्र तो किस्सा झाला. "शिरा कधी करताय?" म्हणून मला चिडवायचे, मीही तो रंगवून सांगायचे. सासूबाई ऐकून हसायच्या. पण त्यानंतर ग्रुपमधलं कोणी घरी आलं की चहा बाहेर पाठवून त्या आतच बसायच्या. ते मला दिसत होतं आणि तरी मी किस्सा सांगायची थांबले नाही.

आणि ती दगडखाण काही आलीच नाही. जमीनमालक भावाभावांची भांडणं लागली, उतार होता तसाच राहिला. गणपतीत मी एकटीच बघायला गेलेले. गवत कमरेएवढं, हिरवंगार होतं. पिवळं म्हणाल तर दगडांच्या सांदीत चार-दोन फुलं. आम्ही घरी लोळत पडलो असतो तरी तो उतार आपला आपण पिवळा झाला असता.

संध्याकाळी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या विषयावर त्या बोलायच्या नाहीत, पण न राहवून त्यांनी विचारलं, "आज त्या उतारावर गेलेलीस ना? तिथला कवळा कसा आहे?"

खरं सांगायची छाती नव्हती. "वाढला," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा खुलला. मग ताटातला हात थांबला. "वाढला म्हणजे? आपल्या तांदळासारखा?"

मी मानेनेच हो म्हटलं.

त्यांनी बराच वेळ तांदळात बोटं फिरवली. "मी भाजलं ते तुम्ही घरी आणलेलं बी," त्या म्हणाल्या. "तिथलं कसं वाढेल? मूठभर तरी मागे ठेवलं असेलच की. तू होतीस ना तिथे?"

"होते," मी म्हणाले.