मंदाची कबड्डी आणि माझा सहभाग

बायकोच्या माहेरचा संघ कबड्डीच्या फायनलमध्ये माझ्यामुळे हरला. मी खेळत नव्हतो. पंचही नव्हतो. मी फक्त बायकोच्या छंदात सहभागी झालो होतो.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याने बायकोच्या छंदात रस घेतला तर बिघडलं कुठे? मलाही तसंच वाटत होतं. म्हणून तर बिघडलं!

आमची मंदा रोह्याकडची. हायवेवरच्या खांब फाट्यावरून आत वळलं की तिचं गाव. शाळेत असताना ती संघात डाव्या कोपऱ्याला खेळायची. कोपरा म्हणजे चढाईला आलेल्या गड्याला आधी आत येऊ द्यायचं आणि मग त्याचा घोटा धरून त्याला परत जाऊ द्यायचं नाही. लग्न होऊन ती पेणला आली, खेळ सुटला, पण अंगातला कोपरा काही सुटला नाही. घरात मांजर शिरलं तर मी लांबून 'शुक शुक' करतो. मंदा दोन पावलं मागे सरते, मांजराला आत येऊ देते आणि मग त्याची परतीची वाट अडवते! (आमच्या आळीतली मांजरं हल्ली आमचं घर सोडून पुढे जातात.)

भातझोडणी आटपली की तिकडे गावोगाव कबड्डीचे सामने लागतात. अशा रविवारी मंदा सकाळीच एसटी पकडून एकटी माहेरी जायची आणि परत यायची ती आवाज घालवून. सोमवारभर ती माझ्याशी खुणांनी बोलायची. मी विचारायचो, "कोण जिंकलं?" ती अंगठा वर करायची किंवा खाली. संपला विषय. मी माझी शब्दकोडी सोडवायचो, ती तिची कबड्डी बघायची. तिने कधी माझ्या कोड्यात डोकं घातलं नाही, मी कधी अंगठ्याच्या पुढे चौकशी केली नाही. संसार उत्तम चालला होता.

मग मी निवृत्त झालो. उभा जन्म गणित शिकवलेला माणूस घरी बसला की त्याला वाटतं, आता संसाराचं गणितही एकदा तपासून बघावं. त्यात पेणला एक व्याख्यान झालं. वक्ते म्हणाले, "पतिपत्नींनी एकमेकांचे छंद आपलेसे केले पाहिजेत!" मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. (वक्ते अविवाहित आहेत, हे मला चहाच्या वेळी कळलं. पण तोवर विचार पक्का झाला होता.)

घरी आलो. मंदा पोह्याचे पापड लाटत होती.

"मंदा, येत्या रविवारी मी येतोय तुझ्याबरोबर."

"कुठं?"

"कबड्डीला."

लाटणं थांबलं. "का? काय झालं?"

"काही झालं नाही. तुझा छंद तो माझा छंद."

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"अगं, मनापासून म्हणतोय!"

"अहो, खाली बसायला लागतं तिथं. धूळ असते. माणसं कशीही बोलतात." तिने हाताचं पीठ झटकलं. "आणि मी ओरडते."

"मग ओरड की! मी कुठे अडवतोय?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पापड लाटायला घेतला. त्या बघण्याचा अर्थ लावायला मला पुढचा पूर्ण रविवार लागला.

मी तयारीला लागलो. कबड्डीचं नियमपुस्तक मिळवून पाठ केलं. घडीची खुर्ची घेतली, उशी घेतली, चहाचा थर्मास, उन्हाची टोपी, नाकाला रुमाल. मंदाने वहिनीसाठी, म्हणजे तिच्या भावजयीसाठी, स्वतःच्या हातच्या पापडांचा मोठा डबा भरला. एवढ्या सामानाने गाडी भरून आम्ही निघालो. हायवेचं काम चालूच होतं. (ते कधी चालू नसतं?) नागोठण्यापर्यंत मी तिला नियम समजावून सांगितले. कबड्डीचे. तिला!

"बोनस केव्हा मिळतो माहितीय?"

"हूं," मंदा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मैदानावर पोचलो तर वहिनीने अगदी रेषेलगत मंदाची जागा धरून ठेवलेली. जागा म्हणजे पोत्याचा एक तुकडा. मी त्याच्या शेजारी खुर्ची उघडली. मागून लगेच आवाज आला, "ओ टोपीवाले! खाली बसा, नायतर खुर्चीसकट उचलू!"

"गप रे!" वहिनी मागे वळून कडाडली. "जावई हायत आपले!"

जावई म्हटल्यावर मागचे लोक गप्प झाले आणि माना वाकड्या करून माझ्या टोपीच्या दोन्ही बाजूंनी सामना बघू लागले.

वहिनीचा मुलगा, म्हणजे मंदाचा भाचा नितेश आमचा कप्तान. कंपनीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात माणसं लोळवतो. यंदा पहिल्यांदाच संघ फायनलला जाईल अशी गावाला आशा होती. पहिल्याच सामन्यात त्याने पाय पुढे टाकला आणि मी उठून ओरडलो, "बोनस!"

पुढचे एक आजोबा वळले. "मास्तर, समोर चारच गडी उरल्यात. बोनसला सहा लागतात."

नियम मला पाठ होता. गडी मोजायचे राहिले होते. (गणिताचा मास्तर!)

नंतर समोरच्या संघाने नितेशला छान पकडलं. मी टाळ्या वाजवल्या. आमच्या बाजूने वाजवणारा मी एकटाच.

"भावजी," वहिनी हळूच म्हणाली, "आपला पोरगा पडलाय."

"खिलाडूवृत्ती, वहिनी!"

"व्हय, पण जरा हळू."

या सगळ्यात मंदा गप्प होती. चढाई सुरू झाली की ती आधी माझ्याकडे बघायची. "ऊन लागतंय का? खुर्ची इकडे घ्या. पाणी देऊ?"

वहिनीने विचारलं, "काय गो मंदा, आज आवाज कुठं गेला तुझा?"

"नाय गो. ह्यांना धूळ सोसत नाय."

आणि मी मूर्ख, मनात म्हणत होतो, बघा, छंद एकत्र जोपासला की बायकोचं प्रेम कसं वाढतं!

दिवस कलता कलता आमचा संघ खरंच फायनलला गेला. समोर नेमका पेणकडचा संघ! त्यांचा एक उंच चढाईवाला होता, पण दिवसभर खेळून त्याच्या छातीचा पुरता भाता झालेला. गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होता. आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि थोडाच वेळ उरला होता. गावातल्या बायका देवाला नारळ बोलत होत्या. मंदा पोत्यावर मुठी आवळून बसली होती. तोंडातून मात्र शब्द नाही.

मला वाटलं, बिचारी काळजीत आहे. आपण काहीतरी करायला हवं.

तिकडे स्पीकरवर सारख्या घोषणा चालल्या होत्या. "पुढच्या पकडीला भाऊंकडून एक कोंबडा!" कोंबडा म्हटल्यावर पोरं अशी काही झडप घालत की बघत राहावं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बक्षीस! मंदाच्या नावाने! कोंबडा नव्हता माझ्याकडे, पण पायाशी पापडांचा डबा होता. मी तो उचलला आणि घोषणा करणाऱ्याच्या टेबलाकडे निघालो.

टेबल समोरच्या अंगाला होतं. सरळ गेलं तर सगळ्यात जवळचा रस्ता मैदानातून.

मी सरळ गेलो.

नितेश तेव्हा चढाईला समोरच्या अंगणात शिरला होता. त्याने डोळ्याच्या कडेने बघितलं तर आत्याचा नवरा टोपी घालून, छातीशी डबा धरून, रेषा ओलांडून येतोय! पोरगा गोंधळला आणि कुणालाही न शिवता परत फिरला. चढाई रिकामी गेली. पंचांनी जोरात शिट्टी मारली.

"ओ! बूट! बूट काढा! अहो, मैदान हाय हे!"

तेवढ्यात स्पीकर गरजला, "पेणहून खास आलेले आपल्या गावचे जावई, गणिताचे सर, स्वतः मैदानात उतरले आहेत! सरांचं स्वागत करूया!"

जावई म्हणजे मानाचा माणूस. लगोलग शाल आली, नारळ आला. शिट्टी तोंडात धरून पंच ताटकळत उभे राहिले. जावयापुढे त्यांचंही काही चालेना.

"सरांनी दोन शब्द बोलावेत!"

निवृत्त शिक्षकाच्या हातात कुणी माईक देतं का? पण दिला! मी दोन शब्दांनी सुरुवात केली. मग संसार हा सांघिक खेळ कसा आहे, तिथे गेलो. मग छंदांवर आलो. मग वक्त्यांचं वाक्य सांगितलं. समोर आमची पोरं शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी उभी, अंगावरचा घाम वाळतोय. आणि तो पेणचा उंच गडी? तो खुशाल मातीत आडवा झाला. एकाने त्याच्या पोटऱ्या चोळल्या, एकाने लिंबू चोखायला दिलं. माझ्या भाषणाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी ताजंतवानं केलं!

शेवटी मी म्हणालो, "पुढच्या चढाईत जास्तीत जास्त गडी बाद करणाऱ्याला माझ्या पत्नीकडून, म्हणजे तुमच्या मंदाताईंकडून, घरच्या पापडांचा हा डबा!"

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

कारण कबड्डीत चढाया आळीपाळीने होतात. नियमपुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे. आमची चढाई मीच वाया घालवली होती. पुढची त्यांची होती.

उंच गडी उठला. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघून हात जोडले आणि आमच्या अंगणात घुसला. त्याच क्षणी रेषेवरून एक आवाज आला. असा की माझ्या हातातला माईक घुमला.

"कोपरा, मागं! आत येव दे त्याला! घोटा धर, घोटा!"

मंदा! पोत्यावरून उठून उभी, पदर खोचलेला, डोळे त्या गड्याच्या पायांवर. इतक्या वर्षांच्या संसारात हा आवाज मी ऐकला नव्हता. मी बघतच राहिलो. दुर्दैवाने आमचा कोपऱ्यातला पोरगाही आत्याचा आवाज आला म्हणून वळून तिकडेच बघत राहिला.

तीन गडी बाद. त्यानंतर आमच्या वाट्याला एकच चढाई आली, तीही रिकामी. एका गुणाने हरलो.

पण इथेच संपलं असतं तर बरं होतं. "पापडांचा डबा विजेत्याला मंदाताईंच्याच हस्ते!" अशी घोषणा झाली. मंदा साडीची धूळ झटकत पुढे आली. स्वतः लाटलेले, वहिनीसाठी आणलेले पापड तिने त्या पेणच्या पोराच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "चांगली केलीस चढाई. उजवा पाय उशिरा उचलतोस मात्र. पुढल्या वेळी धरतील." मग माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर गडब गाव आलं तशी मी गाडी हळू केली.

"चहा घेऊया?"

"नको."

"मंदा, चुकलं माझं. माझ्यामुळे पोरं हरली."

"हरण्याचं काही नाही हो. हार-जीत चालायचीच." तिने खिडकीची काच वर केली. "वर्षभर घरात मी सगळ्यांकडे बघत असते. कुणी जेवलं का, कुणाला काय हवं. तिथं गेले की मला फक्त पोरांचे पाय दिसतात. आज ते दिसलेच नाहीत. तुम्हालाच बघत बसले."

 

पुढच्या रविवारी सामना होता. मंदा गेली नाही. "जा की," मी म्हटलं. "कुठल्या तोंडानं जाऊ? डबा माझ्या नावाने दिलात," ती म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारीही गेली नाही. सोमवारी तिचा आवाज ठणठणीत होता आणि मला तो ऐकवत नव्हता. तिचं तिथं काय होतं हे मला ते घालवल्यावर कळलं! चूक दुरुस्त करायची तर पुन्हा काहीतरी करावं लागणार, आणि मी काही केलं की काय होतं ते सगळ्या रोहा तालुक्याने बघितलं होतं. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा काहीच न करता बसलो.

शेवटी नितेशचाच फोन आला. मंदाने स्पीकरवर टाकला.

"आत्या, दोन सामने झाले, तू नाय. आई म्हणते पोतं रिकामं दिसतं. या रविवारी रोह्याला फायनल हाय, परत त्याच पेणवाल्यांबरोबर. येतेस ना?"

मंदाने माझ्याकडे बघितलं. मी लगेच दोन्ही हात वर केले. "तू जा. मी घरी थांबतो. शप्पथ!"

"कोण, काका का?" तिकडून नितेश ओरडला. "काकांनाबी घेऊन ये की, आत्या!"

मला एकदम भरून आलं. केवढं मोठं मन पोराचं! घसा साफ करून म्हणालो, "नको रे बाबा. माझ्यामुळे तुम्ही हरलात."

"म्हणून तर सांगतोय, काका. या तुम्ही! फक्त खुर्ची पेणवाल्यांच्या बाजूला टाका."