मामा पोचवायला यायचे

नानामामांनी पाहुण्याला दारातूनच निरोप दिला, असं कधी झालं नाही. उज्जैनला, माधव नगरातल्या त्यांच्या घरून कुणी निघालं, की मामा आधी चपला शोधत. निम्म्या गप्पा फाटकाशी, उरलेल्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या चक्कीपाशी, आणि सवाऱ्यांचा टेंपो मिळाला तरी त्याच्या दांडीला धरून आणखी थोड्या. "जल्दी काय आहे? सोडून येतो ना तुम्हाला," हे त्यांचं पालुपद. पाहुणा दमायचा, मामा नाही.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडेच राहत होते. पुण्यातल्या एका नव्या कॉम्प्युटर कंपनीत मला नोकरी लागली आणि त्याच आठवड्यात मामांची स्कूटर घसरली. डोकं दुभाजकावर आपटलं. कवटी शाबूत होती, पण मेंदूला हादरा बसला होता. डॉक्टर म्हणाले, "शुरू में आराम, फिर थोड़ा-थोड़ा चलना-फिरना. सिर दुखे तो रुक जाना." मामांनी मान डोलावली. मान डोलावण्यात ते पटाईतच होते.

आजाऱ्याच्या समाचाराला गेलं नाही, तर आमच्या मराठी मंडळींना चैन पडत नसे. रीघ लागली, आणि मामा एकेकाला पोचवायला निघू लागले. शेवटी चक्कीपाशी भिंत धरून खाली बसले आणि भडभडून ओकले.

मग आम्ही दुसरं टोक गाठलं. पडदे ओढले, रेडिओ बंद, पाहुण्यांना बाहेरूनच वाटेला लावलं. मामा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. अन्नावरची वासनाच उडाली त्यांची. एकदा मला म्हणाले, "बेटा, तू पुण्याला जाशील तेव्हा मी असाच पडलेला असेन का गं? मला तुला स्टेशनवर सोडायचंय." मी मोरीत जाऊन रडले.

तोडगा मामीनं काढला. रोज एकच पाहुणा, आणि निरोप फक्त उंबऱ्यापर्यंत. डोकं ठणकलं नाही, तर दुसऱ्या दिवशी फाटक. ठणकलं, तर मुकाट्यानं परत उंबरा. मधल्या वेळात पडायचं, कंटाळा आला तर मटार सोलायचे. एकदा जोशीकाकांना फाटकापर्यंत सोडलं, तर काळजीपोटी काका मामांना घरात सोडायला आले. लगेच मामा पुन्हा काकांना सोडायला निघाले. मामी आतून म्हणाली, "अहो, पंचक्रोशीची यात्रा करताय का दोघं?" त्या दिवशी मामा बऱ्याच दिवसांनी हसले. हळूहळू चक्की आली.

मी निघाले तेव्हा मामी त्यांना नको म्हणत होती. "डोकं बोललं की थांबेन, बिल्कुल," असं वचन देऊन मामा रिक्षात बसले.

स्टेशनवर ही गर्दी, भोंगे, हमालांची आरडाओरड. माझी गाडी पलीकडच्या फलाटावर होती. पुलाच्या पायथ्याशी मामांनी कठडा धरला आणि डोळे मिटले. आता हट्टानं चढणार, असंच वाटलं.

"बस," ते म्हणाले, "माझं इथवरच. तू जा बेटा, गाडी सुटेल."

आणि ते वळून बाकावर बसले. आपण होऊन कुणाला अर्ध्या वाटेत निरोप द्यायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि ती माझ्या वाट्याला आली. मला त्यांचा अभिमान वाटला आणि तितकंच वाईटही. पुलावरून मी खाली पाहिलं. उजेड सोसत नव्हता म्हणून मामांनी डोळे घट्ट मिटले होते, आणि मी कुठे आहे याचा पत्ता नसताना एक हात उंच करून हलवत होते.