न घाबरणारे मासे

पुण्यात राहून बोटींच्या रंगावर पीएचडी करणं म्हणजे टिंगलीला आयतं निमंत्रण. कसब्यातल्या आमच्या शेजारच्या काकांनी विचारलंच, "मुठेत जहाजं कधीपासून सोडताय?" मीही मग समजावणं सोडून दिलं. बोटीच्या तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात तांबं घालतात. ते हळूहळू पाण्यात उतरतं आणि माशांचं नाक बोथट करतं. एरवी एक मासा जखमी झाला की त्याच्या कातडीतून सुटलेल्या वासानं बाकीचे घाबरून तळाशी गपगार होतात. तांबं मिसळलेल्या पाण्यातल्यांना तो वासच कळत नाही. एवढंच मला सिद्ध करायचं होतं.

तुलनेसाठी तांब्यापासून कायम दूर ठेवलेले मासे लागत. दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेची वीज बंद राहणार, म्हणून ते मी घरी आणले. मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. हे मासे बिघडले असते तर माझं वर्ष गेलंच असतं. प्रबंध लिहायला मी धायरीला मैत्रिणीकडे जाऊन बसले. जाताना आईला सांगितलं, नळाचं पाणी रात्रभर ठेव, क्लोरीन उडून गेला की सकाळी त्यातलं थोडं टाकीत घाल. नेमाच्या बाबतीत आईला बोलायची सोय नाही.

सुट्टी संपल्यावर मासे प्रयोगशाळेत परत नेले आणि त्यांच्या पाण्यात जखमी माशाच्या वासाचे थेंब सोडले. मासे आपले मजेत फिरत राहिले. पुन्हा सोडले, तरी तेच. शेवटी घरच्या टाकीतलं पाणी तपासलं. त्यात तांबं होतं.

संध्याकाळी आईला विचारलं, पाणी कशात ठेवत होतीस? हंड्यात, ती म्हणाली. प्लॅस्टिकच्या बादलीतलं पाणी कुणी जिवाला देतं का? ओट्यावरचा तांब्याचा हंडा चिंचेनं घासून लखलखत होता. आम्ही भावंडं त्याच पाण्यावर वाढलो. मला संताप आला, रडूही आलं, आणि दोन्ही तिच्यासमोर काढता येईनात.

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "आणलेस तेव्हा किती बुजलेले होते गं. जाताना कसे निर्धास्त होते. मानवलं ना त्यांना पाणी?"

"मानवलं," मी म्हणाले.