माझ्या प्रोग्रॅमचा शेवटचा शब्द

मंडळी, घरातून निघताना तुमच्याकडं 'जातो' म्हणू देतात का?

हौस म्हणून मी मराठीतून प्रोग्रॅम लिहायची एक भाषा बनवतोय. आकडा, मजकूर, यादी असे तिच्यातले माहितीचे प्रकार मीच ठरवलेत. प्रोग्रॅम थांबला की पडद्यावर 'संपलं' येतं. आज गावी, पोखर्णीला, आईला ते दाखवलं.

"आसं संपलं म्हनू नये बाबा. येतो म्हनावं."

विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत, बंद आणि दगडफेक चालू असताना, मी कॉलेजला औरंगाबादला निघायचो. 'येतो' म्हटल्याशिवाय आई पिशवी हातात द्यायची नाही.

मी तिथंच शब्द बदलला. प्रोग्रॅमनं बेरीज केली आणि शेवटी 'येतो' उमटलं.

आईनं अक्षरं जुळवत वाचलं आणि पडद्यालाच म्हणाली, "ये बाबा, सावकाश ये."