बुटांच्या खात्यातला माणूस

किस्से बडबड्या माणसांकडे साचत नाहीत. त्यांचे रोजच्या रोज वाहून जातात, मोरीतल्या पाण्यासारखे. साचतात ते गप्प बसणाऱ्यांकडे. आणि ज्यांना गप्प बसण्याचाच पगार मिळत होता, अशी माणसं रिटायर झाली की काय होतं, ते मी दर मंगळवारी बघते. इंग्लंडशेजारच्या या बेटावर, नास गावात, आमच्या शेजारच्या घरात, पत्ते खेळताना!

मी सातवी पास. इंग्रजी शिकले ती इथे लेकीकडे आल्यावर, पेपर मोठ्याने वाचून वाचून. कुणी शिकवलं नाही. पत्ते मात्र शेजारच्या नोराबाईंनी शिकवले. त्यांचा धाकटा मुलगा डेक्लन या देशाच्या लष्करी हेरखात्यात होता. त्याचा कामातला जोडीदार पॅटही तिथलाच. नोराबाई गेल्या, पण पत्ते चालू आहेत. मी, डेक्लन, पॅट, आणि कोण रिकामं असेल तो चौथा.

हे सगळं लिहिणार म्हटल्यावर पॅटच्या हातातलं पान खाली पडलं. "कुठल्या भाषेत?"

"मराठीत."

"ग्रँड," डेक्लन म्हणाला. "म्हणजे गुपित तिजोरीतच राहिलं."

त्याला काय ठाऊक, इथल्या प्रत्येक टेक कंपनीत चार पुणेकर बसलेत! असो. नावं मी बदलली आहेत. तेवढी अक्कल सातवीपर्यंत येते.

•••

लहान देशातली मोठी अडचण म्हणजे पाठलाग.

राजधानीत बॉल्सब्रिज भागात सगळ्या वकिलाती. तिथल्या एका वकिलातीतला एक गृहस्थ डेक्लनकडे सोपवलेला होता. कुठल्या देशाचा ते लिहीत नाही. उन्हाळ्यातही गळ्याला मफलर, म्हणून आम्ही त्याला मफलरवाला म्हणतो. तो कुठे जातो, कुणाला भेटतो, हे बघायचं. पुढे मफलरवाला, मागे डेक्लन, चेहऱ्यावर 'मी सहज चाललोय' असा भाव.

तेवढ्यात समोरच्या फुटपाथवरून आवाज, "डेक्लन! अरे, आईचे गुडघे कसे आहेत?"

गावाकडची कोणी ओळखीची. तिला टाळलं, तर वळणावर शाळेतले मास्तर. त्यांना टाळलं, तर चुलतबहीण, मुलाबाळांसकट. मफलरवाला प्रत्येक वेळी थांबायचा, दुकानाच्या काचेत बघत उभा राहायचा आणि यांचं बोलणं संपलं की पुढे निघायचा.

मी म्हटलं, "डेक्लन, याला पाठलाग म्हणत नाहीत. याला वरात म्हणतात!"

•••

गुप्त माणसाला खोटी नोकरी सांगावी लागते. पॅटला खात्याने सांगितलं, "कुणी विचारलं तर पेन्शन ऑफिसात आहे म्हण. पेन्शन म्हटलं की माणसं विषय बदलतात."

शहाणे! ज्यांनी हा सल्ला दिला ते कधी खेड्यात राहिलेच नसणार. पॅट सुट्टीला गावी गेला तर दारात रांग. कुणाची विधवेची पेन्शन अडलेली, कुणाची इंग्लंडातल्या नोकरीची वर्षं धरलेली नाहीत. आता करतो काय? नाही म्हटलं तर सोंग उघडं पडणार. बिचारा सगळे नियम पाठ करून बसला आणि एकेकाचं काम मार्गी लावू लागला.

मी विचारलं, "एवढ्या वर्षांत हेर किती पकडले?"

पॅटने पान टाकलं. "हेर आठवत नाहीत, मिसेस जे. पण आमच्या गावात आज एकही म्हातारा पेन्शनशिवाय नाही."

•••

डेक्लनच्या वाट्याला बूट आले. "लष्कराच्या गोदामात आहे, बुटांच्या खात्यात," असं त्याने आईला सांगायचं. सांगितलं. आईने ऐकून घेतलं, आणि पुढे जन्मभर चारचौघांत एकच वाक्य, "थोरला लिमरिकला डॉक्टर आहे, माणसं वाचवतो. धाकटा बूट मोजतो."

हे डेक्लनला फार लागायचं. शाळेत तो थोरल्यापेक्षा हुशार. मी त्याचं सोंग केव्हाच ओळखलं होतं, म्हणून मला एकदा म्हणाला, "मिसेस जे, मेडल नको, काही नको. एकदा फक्त आईला खरं सांगायचंय. ती जायच्या आत."

मी म्हटलं, "मग सांग की!"

"गुप्ततेच्या कागदावर सही केलीय ना."

सही! आमच्याकडे लोक सही करून घर विकतात आणि तरी त्यात राहतात.

आणि नोराबाई कसल्या ऐकतात? मुलगा बुटांत आहे म्हटल्यावर ऑर्डरी सुरू. चर्चच्या माळ्याला नऊ नंबर, शेतावरच्या पुतण्याला दहा. एकदा फर्मान निघालं, "अकरा नंबर, रुंद पायाचे, ब्राउन."

"कुणाला गं?" डेक्लनने विचारलं.

"तुला काय करायचंय? पाय आहेत, एवढं पुरे."

डेक्लन मुकाट्याने दुकानात जायचा, बूट विकत घ्यायचा आणि टाचेवरचा कंपनीचा छाप चाकूने खरवडून काढायचा, सरकारी दिसावेत म्हणून. देशाची गुपितं अशी जपली जात होती!

•••

त्यांच्या ऑफिसात मोबाइल न्यायचा नाही. दाराबाहेर एक प्रेस आहे, म्हणजे कपाट, इथे कपाटाला प्रेसच म्हणतात, त्यात फोन ठेवून आत जायचं. त्यामुळे नोराबाईंचा मुलाला फोन कधी लागायचाच नाही. एके दिवशी त्यांनी सरळ बराकीच्या गेटवर फोन लावला. मी समोरच बसले होते.

"बुटांच्या खात्यातला माझा डेक्लन द्या."

पलीकडचा म्हणाला, असं खातं इथे नाही.

"बरं, मग डेक्लन द्या."

असा माणूसही इथे नाही.

"ग्रँड," नोराबाई म्हणाल्या. "मग जो तिथे नाही त्याला सांगा, येताना दूध आणायला विसरू नको."

संध्याकाळी डेक्लन आला. हातात दूध!

•••

आता माझा किस्सा. तोही ऐका, त्यात मी हरत नाही.

लेकीच्या कंपनीला सरकारी काम मिळालं. मग तिची चौकशी, आणि घरात राहणाऱ्या आईचीही. एक बाई आल्या. कडक सूट, कडक चेहरा. मी दारातच थांबवलं. "चपला-बूट बाहेर." त्यांनी काढले. मोज्याला भोक. तिथेच अर्धी लढाई संपली.

पोहे दिले. बाईंनी एक घास घेतला, मिरची लागली, पाणी प्यायल्या आणि विचारलं, "परदेशी नागरिकांशी तुमचा नियमित संपर्क आहे का?"

"रोज!" मी म्हटलं.

लेकीने टेबलाखालून पाय मारला.

"कोण कोण?" बाई सावध झाल्या.

"शेजारच्या नोराबाई, पोस्टमन, चर्चचा माळी. आणि आत्ता तुम्ही. अहो, मी साताऱ्याची. माझ्या बाजूने बघा ना, इथे सगळेच परदेशी!"

लेकीचं काम झालं. डेक्लनने नंतर सांगितलं, माझ्या नावापुढे शेरा आहे, 'धोका नाही. वाद घालू नये.' सातवीच्या प्रगतिपुस्तकावरही मास्तरांनी हेच लिहिलं होतं.

•••

नोराबाई आजारी पडल्या. नासच्या हॉस्पिटलात ठेवलं. या खेपेला त्या घरी येणार नाहीत, हे सगळ्यांना कळलं होतं, त्यांना धरून.

डेक्लनची रिटायरमेंट तोंडावर आलेली. तो थेट मोठ्या साहेबांसमोर उभा राहिला. "एकाच माणसाला सांगायचंय. आईला." साहेबांनी वर विचारलं. वरच्यांनी त्यांच्या वर विचारलं. इकडे नोराबाईंचं जेवण सुटलं, मग बोलणं कमी झालं. मी डेक्लनला म्हटलं, "मरण काय तुमच्या परवानगीसाठी बाहेर बाकावर बसून राहणार आहे का रे?"

शेवटी होकार आला. डेक्लन धावत वॉर्डात. मी उशाशी बसले होते. उठायला लागले तर नोराबाईंनी माझा हात धरून ठेवला.

डेक्लनने खुर्ची ओढली. घसा साफ केला. "मॅमी, मी इतकी वर्षं काय काम करत होतो ना..."

नोराबाईंनी डोळे उघडले. शेजारच्या पलंगाकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "गप. ती बाई सगळं ऐकते."

बस. त्यानंतर त्यांनी फक्त पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी गेल्या.

डेक्लन मला म्हणत राहिला, "राहिलंच, मिसेस जे. बूट मोजणाऱ्याचीच आई म्हणून गेली." मी एरवी कुणाला उत्तर दिल्याशिवाय सोडत नाही. त्या दिवशी मी उठून सँडविचची अंडी उकडायला टाकली.

•••

इथे माणूस गेलं की घरातल्या बैठकीत ठेवतात आणि अख्खं गाव रांगेने येतं. घरच्यांशी हात मिळवायचा, "तुमच्या दुःखात आहोत" म्हणायचं, चहा-सँडविच घ्यायचं आणि निघायचं. मयताला न जाणं हा या देशात देशद्रोहाच्या वरचा गुन्हा आहे. त्यामुळे अख्खं हेरखातं आलं! रस्त्यात एकमेकांना ओळख न देणारे, आयुष्यात कुणाला फोटो काढू न दिलेले, सगळे नोराबाईंच्या अंगणात एका ओळीत, पावसात भिजत. पॅट तर तिथेही कुणाच्या तरी विधवा पेन्शनमध्ये अडकलेला.

सँडविचं माझ्याकडे होती. अंड्याची, हिरवी मिरची घालून. सगळ्यांचे डोळे पाणावलेले दिसत होते, त्यात थोडा हात माझाही होता.

मी ट्रे घेऊन डेक्लनजवळ आले, तर तो एकदम ताठ झाला. रांगेत, लिमरिकच्या डॉक्टर भावाशी हात मिळवून, गळ्यातल्या मफलरसकट पुढे सरकत होता तो मफलरवाला!

मफलरवाल्याने नोराबाईंसमोर मान खाली केली. त्याच्या देशाच्या पद्धतीने छातीवर हात ठेवला. मग डेक्लनचा हात हातात घेतला.

"फार मोठ्या मनाच्या होत्या," तो म्हणाला. "मी अधूनमधून चहाला यायचो. तुम्ही ऑफिसात असताना."

मफलरवाल्याने त्याचा हात सोडला नाही.

"दर वेळी मी विचारायचो, धाकटा काय करतो? दर वेळी त्या सांगायच्या, बुटांच्या खात्यात आहे. शेवटी मी म्हटलं, बाई, खरं सांगा. तर त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, नंबर काय?"

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. ब्राउन बूट. रुंद पायाचे. टाचेवरचा छाप चाकूने खरवडलेला.

"उत्तम आहेत," मफलरवाला म्हणाला. "पाणी शिरत नाही." माझ्या ट्रेमधलं एक सँडविच त्याने उचललं आणि तो पावसात निघून गेला.

मी डेक्लनला कोपराने ढोसलं. "कोण रे तो?" जसं काही मला ठाऊकच नव्हतं!

डेक्लन आईकडे बघत होता. त्या दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि डोळ्यांत जे होतं ते माझ्या मिरचीचं नव्हतं.

"गिऱ्हाईक," तो म्हणाला.