वस्तीच्या रांगेत

“युनिफॉर्म बदलून ये,” मॅडम म्हणाल्या.

मला वाटलं, कुठे डाग पडलाय. स्कर्ट फिरवून पाहिला. डाग नव्हता. आईनं सकाळीच इस्त्री करून दिला होता.

“अगं, फोटोत दोन गट नीट दिसायला हवेत. विद्यार्थी इकडे, वस्ती तिकडे. तुझं घर इथंच आहे ना? घरचा ड्रेस घालून ये. तिकडच्या रांगेत कुणीतरी लहान हवंय.”

विश्वामित्रीच्या काठावर, आमच्या वस्तीखालच्या उतारावर हे झालं. सगळ्या वर्गासमोर. मी नववीत होते.

मी गेले. बदलून आले. आज सांगताना मला माझीच किळस येते. पण गेले.

बडोद्यातली मोठी इंग्रजी शाळा ती. परीक्षा देऊन मी फी-माफीत तिथं लागले होते. वडील नंदेसरीला, केमिकल कारखान्यात ठेकेदाराकडे. आई कचरा वेचायची. वस्तीतल्या दहा-बारा बायकांचं तिनं मंडळ केलं होतं. कुणी न सांगता या बायका नदीकाठचं प्लास्टिक उचलायच्या, निवडायच्या, भंगारवाल्याला द्यायच्या. शाळेला त्या वर्षी एखाद्या मंडळाबरोबर पर्यावरणाचा प्रकल्प करायचा होता. वर्गात हात वर करून आईच्या मंडळाचं नाव कुणी सांगितलं? मीच.

आईला आठ दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. “बायांनो, शाळेची पोरं आपल्यासंगं काम करणार हायेत,” घरोघरी सांगत फिरली. शेजारून कप मागून आणले. मोठ्या पातेल्यात आलं घालून चहा केला.

मॅडम मराठीच. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत सरदार होते, हे आम्हाला वर्गात दर महिन्याला ऐकावं लागायचं. त्या दिवशी काठावर आल्यावर त्यांनी आईला विचारलं, “आडनाव काय तुमचं?”

आईनं सांगितलं.

“बरं,” मॅडम म्हणाल्या. तेवढंच. मग मुलांकडे वळून गुजरातीत म्हणाल्या, “कोई चा ना पीता. पेट बगडशे.”

चहा पिऊ नका, पोट बिघडेल, हे आईला कळणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. आई बडोद्यात जन्मली आहे.

काठापासून बऱ्याच वर दोरी बांधलेली. नदीत मगरी आहेत, सगळ्या बडोद्याला ठाऊक. “दोरीच्या पुढे एकही मूल जाणार नाही,” मॅडमनी दोनदा बजावलं. बरोबरच होतं. मुलं होती. पण मी दोरीच्या खाली उभी होते, आईजवळ, जुन्या पंजाबी ड्रेसमध्ये. मीही नववीतच होते. मला कुणी वर बोलावलं नाही.

बायका चिखलात उतरल्या. उघड्या हातांनी ओल्या पिशव्या, चिंध्या, बाटल्या ओढून काढायच्या, पोत्यात भरायच्या, पोतं वर आणायच्या. दोरीपाशी मुलं हातमोजे घालून पोत्याला हात लावायची. फोटो. मग पुढचं पोतं.

“मॅडम, उरले असतील तर आमाला पण द्या मोजे,” आई म्हणाली.

“मुलांपुरतेच आणलेत हो. आणि तुम्हाला सवय असते.”

सवय. आईच्या तळव्यावर काचेनं कापलेली जुनी खूण आहे, अंगठ्यापासून मनगटापर्यंत. तिचीही सवय असेल.

वर्गात माझ्या शेजारी बसणारी मुलगी अगदी समोर होती. माझ्याकडे तिनं पाहिलं, रुमाल नाकाला लावला, तोंड फिरवलं. रोज माझ्या डब्यातली चटणी मागून खायची ती.

दुपारी बस गेली. आईनं पातेलं उचललं आणि सगळा चहा उतारावर ओतला. मी का बदलून आले, हे तिला विचारावं लागलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात कार्यक्रम होता. पाहुणे, हार, पडद्यावर फोटो. मंडळाच्या बायका सर्वांत मागं भिंतीला टेकून उभ्या. खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

मॅडमनी मला कागद दिला. वस्तीतर्फे आभार मानायचे. आणि पुन्हा तेच, “घरचा ड्रेस आणलास ना?”

“नाही आणला,” मी म्हणाले. आणलाच नव्हता.

तशीच वर गेले. कागदावर पहिलंच वाक्य होतं: ‘शाळेने आमच्या वस्तीला स्वच्छतेचे महत्त्व शिकवले.’ नदीच्या वासाची मला कधी किळस आली नव्हती, या वाक्याची आली.

मी कागद खाली ठेवला. म्हणाले, “मी नववी ब-ची विद्यार्थिनी आहे. हे जे लिहिलंय ते खोटं आहे. फोटोतली सगळी पोती माझ्या आईनं आणि त्या मागं उभ्या असलेल्या बायकांनी भरली. आम्हाला स्वच्छता कुणी शिकवली नाही. आणि आमचा चहा तुमच्यापैकी कुणी प्यायलं नाही.”

माईक मध्येच बंद झाला. शेवटचं वाक्य मी ओरडून म्हटलं.

मग ऑफिस. प्रिन्सिपल, मॅडम, मी, आई. माफीपत्र टाईप करून तयार होतं. सही केली नाही तर फी-माफी बंद.

आई घाबरली. तिचा काही दोष नाही. तिनं मॅडमपुढे हात जोडले. “लेकरू हाय. चुकलं तिचं. पदरात घ्या.”

मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरताना मी पाहिलं. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी आईचे दोन्ही हात धरले आणि सोडवले. “माझं चुकलेलं नाही, आई. तुझं तर नाहीच.” सही केली नाही.

आई रस्ताभर रडली. “येवढी शाळा घालवलीस,” म्हणाली. वडिलांनी मला मराठी शाळेत घातलं. दहावी तिथं केली, बारावी केली. आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. मंडळाचा पत्रव्यवहार मीच बघते.

यंदा दुसऱ्या एका शाळेचं पत्र आलं. ‘आमच्या विद्यार्थ्यांना आपल्या वस्तीत सेवेची संधी द्यावी.’ बायकांना वाचून दाखवलं. आई म्हणाली, “लिही. सेवा नको म्हणावं. काम येत असंल तर या.” मी तसंच लिहिलं. खाली अटी घातल्या: हातमोजे सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. फोटो मंडळाला विचारून. कार्यक्रमात आमच्याबद्दल आम्हीच बोलू.

उत्तर आलं नाही. नाही आलं तर नाही आलं.

ती शाळा मी घालवलेली नाही. तिनं मला ज्या किमतीवर ठेवलं होतं, ती द्यायचं मी नाकारलं. पुन्हा कुणी मागितली तर पुन्हा नाकारीन. नोकरीत मागितली तरी, लग्नात मागितली तरी. आईच्या देखत नाकारीन.